डॉक्टर हूच्या नावाने नकली पुस्तक गळ्यात मारलं, तुम्ही सावध राहा

डॉक्टर हू ही बीबीसीची ब्रिटिश विज्ञानकथा सिरीयल बघणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतोय, या सिरीयलच्या नावावर 'चित्रात शोधा' टाईपची बोगस पुस्तकं ऑनलाइन विकतायत, माझ्या गळ्यात असंच एक मारलंय आणि पैसे अजून अडकलेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन पानं भरून गच्च गर्दीचं चित्र असतं, बाजूला यादी असते आणि त्या गर्दीतून डॉक्टर, त्याचे साथीदार, शत्रू, बारीकसारीक वस्तू हुडकायच्या. सिरीयल १९६३ ची, मध्ये बरीच वर्षं बंद होती ती २००५ ला परत सुरू झाली, यातला नायक डॉक्टर रूप बदलतो आणि नवा नट येतो, म्हणून प्रत्येक डॉक्टरचा चेहरा वेगळा कपडे वेगळे, त्यामुळे लपवायला खजिनाच आहे. भाचा या सिरीयलचा वेडा, त्याच्या वाढदिवसासाठी मागवलं.

कव्हर अगदी खऱ्यासारखं. आत उघडलं आणि डोकंच फिरलं. डालेक म्हणजे डॉक्टरचा यंत्रासारखा दिसणारा शत्रू, त्याला एकच डोळा असतो, पुढे आलेल्या दांड्यावर, आणि तो सरकत चालतो, इथे डालेकला चक्क पाय. के-नाइन म्हणजे १९७७ पासूनचा रोबो कुत्रा, तो इथे केसाळ. टार्डिसवर, म्हणजे डॉक्टरच्या पोलीस बूथसारख्या दिसणाऱ्या कालयानावर, 'पोलीस पब्लिक कॉल बॉक्स' लिहिलेलं असतं तिथे कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं. सरळसरळ एआयने काढून घेतलेली चित्रं, कोणी एकदा नजरसुद्धा टाकलेली नाही.

हेही एकवेळ चालवून घेतलं असतं, पण यादीतल्या गोष्टी चित्रात नाहीतच! यादीत लांब मफलरवाला डॉक्टर आहे, म्हणजे टॉम बेकर, १९७४ ते १९८१ वाला चौथा डॉक्टर, ज्याला कुठलाही फॅन झोपेतून उठवलं तरी ओळखेल. आम्ही दोघांनी भिंग घेऊन पान पिंजून काढलं, नाही म्हणजे नाही. मागच्या उत्तरांमध्ये जिथे गोल काढलाय तिथे नुसता धूर. दोन पानांच्या मधला भाग तर बाइंडिंगमध्येच गेलाय. पोरगा बराच वेळ समजत राहिला की आपल्यालाच दिसत नाहीये, आणि मला पैशापेक्षा ह्याचा राग जास्त आहे. असल्या पुस्तकाचा सगळा खेळच या भरवशावर चालतो ना, की वस्तू आहे आणि तू नीट बघ, तोच भरवसा विकून खाल्ला यांनी.

सेलरला लिहिलं तर आधी म्हणाला पुस्तक उघडलंय, परत घेणार नाही, मग म्हणाला हा फॅन आर्ट आहे, म्हणजे चाहत्यांनी काढलेली चित्रं. लिस्टिंगवर तर ऑफिशियल लिहिलं होतं.

आता घ्यायच्या आधी काय बघायचं ते सांगतो. आतल्या एका तरी पूर्ण चित्राचा प्रीव्ह्यू बघा, नसेल तर सोडून द्या, कारण कव्हर कोणीही चोरतो. परवाना घेऊन छापलेलं असेल तर कॉपीराइटच्या पानावर बीबीसीचं नाव असतं, माझ्या प्रतीत ते पानच नाही. रिव्ह्यूमध्ये आतल्या चित्रांबद्दल कोणी बोललंय का ते शोधा, नुसतं 'मस्त गिफ्ट' ला काही अर्थ नाही. आणि बारकोडवरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तपासा, १३ आकडे असतात, डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. माझ्या प्रतीवरचा नंबर इथेच नापास झाला. अर्थात नंबर बरोबर आला म्हणजे पुस्तक खरं असं नाही, दुसऱ्याच पुस्तकाचा उचललेला असू शकतो, म्हणून तो नंबर सर्च करून नाव जुळतंय का बघाच.

कोणाकडे आधीच आलं असेल तर रिटर्नचं कारण देताना 'आवडलं नाही' निवडू नका, 'नकली' किंवा 'वर्णनाप्रमाणे नाही' असं द्या, यादी आणि चित्र एकाच फोटोत येईल असे फोटो जोडा आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. मी काढला होता म्हणून बरं, कारण तक्रार टाकल्यावर ते लिस्टिंग गायब झालं आणि आता तेच कव्हर दुसऱ्या सेलरच्या नावाखाली दिसतंय. त्याचीही तक्रार टाकलीय, कार्डच्या बँकेकडे पेमेंटवर आक्षेप घेतलाय, तुम्हाला असं लिस्टिंग दिसलं तर तुम्हीही रिपोर्ट करा.