कोर्टात जायचं की सरळ आदेश मोडायचा?

सविनय कायदेभंग म्हणजे काय, अहिंसा का, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच की अन्यायकारक आदेश समोर आला की आधी वकील गाठायचा की आदेश मोडून आत जायचं. मी दोन्ही केलंय, एकापाठोपाठ.

कोर्टाची बाजू लोक समजतात तेवढी भित्री नाही. डिसेंबर 1927 ला महाडमध्ये बाबासाहेबांसमोर हाच पेच होता. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालेलं, पुन्हा हजारो लोक जमलेले, जेलमध्ये जायची तयारी, आणि ऐन वेळी विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी तो पाळला. केस जिंकले, पण हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. तरी मला तो निर्णय बरोबरच वाटतो, कारण सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा मुंबई कायदेमंडळाचा ठराव आधीपासून होता. कागद आपल्या बाजूचा असेल तर तो कोर्टातून पक्का करून घेतलेलाच बरा.

बर्मिंगहॅममध्ये (अमेरिकेतल्या अलाबामातलं) 1963 ला वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनात कागदच विरोधात होता. परमिटशिवाय मोर्चा नाही, परमिट काही मिळायचं नाही, वर कोर्टाचा मनाई हुकूम. मार्टिन ल्यूथर किंग, त्यांचे सहकारी पाद्री शटल्सवर्थ वगैरे मंडळींनी 12 एप्रिलला तो मोडला आणि आत गेले. पुढचं बघा, 1967 मध्ये अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट 5 विरुद्ध 4 ने म्हणालं की हुकूम चुकीचा वाटला तरी आधी कोर्टात यायला हवं होतं, आणि 5 दिवसांच्या शिक्षेवर किंग पुन्हा जेलमध्ये. मग 1969 ला त्याच मोर्चाच्या दुसऱ्या केसमध्ये त्याच कोर्टाने परमिटचा कायदाच घटनाबाह्य ठरवून शटल्सवर्थांची शिक्षा रद्द केली. तोवर किंग हयात नव्हते.

आमचं प्रकरण त्यापुढे अगदीच किरकोळ. सभा-मोर्चाला बंदीचा आदेश, मुदत 15 दिवस. आम्ही शहाण्यासारखी याचिका टाकली, वकिलांनी मेहनत घेतली, आणि सुनावणी लागली एकोणिसाव्या दिवशी. मुदत संपलीये, सबब याचिका निष्फळ, निकाली. दोन ओळी. दुसऱ्या दिवशी नवा आदेश निघाला, मजकूर शब्दाला शब्द तोच, 'जमाव'चं 'जवाब' झालेली टायपिंगची चूकसुद्धा तशीच, बदलली फक्त तारीख. पुन्हा याचिका, पुन्हा निष्फळ. हरलो असतो तरी चाललं असतं हो, पण आदेश बरोबर की चूक हे कोणी बघतच नव्हतं, आणि माझं डोकं फिरलं ते याच्यावर.

तिसऱ्या वेळी आम्ही अकरा जणांनी कुठून निघणार, किती वाजता, कोण कोण, हे पत्र देऊन कळवलं आणि निघालो. चाळीस पावलंही झाली नसतील, गाडीत बसवलं. ठाण्यात साहेबांनी तेच पत्र समोर धरून विचारलं, 'सही तुमचीच ना?' म्हटलं हो. गुन्हा दाखल झाला, आणि खरा फरक इथे पडला. आता आदेशाची मुदत संपली तरी आमच्यावरचा खटला संपत नव्हता, त्यामुळे मोडलेला आदेश मुळात कायदेशीर होता का, हे तपासणं भाग पडलं. दोन याचिकांनी जे झालं नाही ते आरोपी झाल्यावर झालं.

सगळ्यांनी हेच करावं असं नाही म्हणत. एकाची सरकारी नोकरीची व्हेरिफिकेशन बाकी होती, त्याला आम्हीच बाहेर ठेवलं, जामिनाची धावपळ त्यानेच केली. आणि मनाई हुकूम खुद्द कोर्टाचा असेल तर दहादा विचार करा, किंगना नडलं ते तेच. पण वरचेवर नवा होणारा प्रशासनाचा आदेश असेल तर मी तरी फार थांबणार नाही.

फक्त त्या पत्राची शिक्क्यासकट पोच घ्या. आमच्याकडे नव्हती, आणि 'चोरून निघाले होते' हे खोडून काढण्यात दोन तारखा गेल्या.