सीडब्ल्यूजीसीची वेबसाइट: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणजे सीडब्ल्यूजीसी, यांची वेबसाइट मी पावसाळ्याच्या आधीपासून वापरतोय, आता दिवाळी होऊन गेली, तर म्हटलं एकदा नीट लिहून टाकू, कारण आपल्याकडे रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात घरटी कोणीतरी पलटणीत होतं आणि बऱ्याच जणांना हे फुकट बघता येतं हेच माहीत नाही. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या १७ लाख लोकांच्या नोंदी आहेत, आपले हिंदुस्थानी शिपाई धरून.

मी शोधत होतो आजोबांच्या थोरल्या भावाला. गाव आमचं महाडकडचं. घरात एवढंच चालत आलेलं की "ब्रह्मदेशात गेला", बस. फोटो नाही, पत्र नाही. ट्रंकेत तीन मेडलं, त्यातल्या एकाची रिबन मळलेली पण रंग कळतात, लाल पांढरा हिरवा पांढरा लाल. आता ज्याला माहीत आहे तो लगेच ओळखेल, हा इटली स्टार, म्हणजे इटलीच्या लढाईत असलेल्यांना मिळालेलं मेडल. बर्मा स्टारची रिबन वेगळी, निळी, मधे जाड लाल पट्टा आणि बाजूला नारिंगी. म्हणजे ऐंशी वर्षं आमचं घर चुकीच्या देशाकडे तोंड करून बसलेलं आणि उत्तर ट्रंकेत पडलेलं. तुमच्या घरी मेडलं असतील तर ब्रासो लावून घासत बसू नका, आधी रिबनचा रंग बघा.

आता सर्च. नुसतं नाव टाकलं की काही येत नाही किंवा शंभर येतात. दोष मूळ नोंदीत आहे, त्या काळच्या कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते इंग्रजीत उतरवलं, त्यामुळे एकच आडनाव चार प्रकारे लिहिलेलं सापडतं, आणि हिंदुस्थानी शिपायांचं बऱ्याचदा पूर्ण नावच आडनावाच्या रकान्यात असतं. आमच्या रायगडचे यशवंत घाडगे, ज्यांचा माणगावला पुतळा आहे, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वात मोठं शौर्यपदक) मिळाला, त्यांचंही स्पेलिंग वाय-ई ने सुरू होतं, आपण वाय-ए टाकत बसतो. त्यामुळे नाव सोडून द्या. मी असं केलं, दुसरं महायुद्ध, देश इटली, रेजिमेंट मराठा लाइट इन्फंट्री (पण जुनं स्पेलिंग, मधे एच आणि दोन टी), आणि सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतली. मग जादा माहितीचा जो रकाना असतो त्यात 'कोलाबा' शोधलं. रायगड नाही हां, ते नाव १९८१ पासूनचं. आणि रेजिमेंटचं तेव्हाचं नाव फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री, त्यातला पाच बघून पाचवी बटालियन समजू नका, पाच हा रेजिमेंटचा नंबर, वन-फिफ्थ म्हणजे पाचव्या मराठाची पहिली बटालियन.

तिथे सापडले. शिपाई, नंबर, नोव्हेंबर १९४३ ची तारीख, वय २२, संग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल. आणि खाली एक ओळ, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव अमुक, कोलाबा.

नवरा??

आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं त्यांचं लग्न झालेलं. बाबांना नाही, काकांना नाही. शेवटी सगळ्यात मोठ्या आत्याला फोन लावला, ती आधी म्हणाली कशाला जुनं उकरताय, मग म्हणाली "होती की, वर्षभर होती आपल्याकडं, मग माहेरची येऊन घेऊन गेली, पाट लावला तिचा पोलादपूरकडं." संपलं. इतक्या वर्षांत तिचं नाव एकदाही निघालं नाही आणि ते इंग्रजी नोंदीत चुकीच्या स्पेलिंगने का होईना, शाबूत आहे. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर पहिला मेसेज कोणाचा, तर चुलतभावाचा, "वारस वगैरे कोणी निघणार नाही ना, सातबाऱ्याचं बघा." हसावं का रडावं कळेना, पण खरं सांगायचं तर असं कुटुंबच आपलं असतं.

साइट तुम्हाला माणसाचं आयुष्य देत नाही, टोकं देते. बाकीचं तुम्ही जोडायचं. त्यांची पहिली बटालियन आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती, सप्टेंबर १९४३ ला इटलीच्या तारांतो बंदरात उतरलेली, आणि नोव्हेंबरच्या शेवटी ब्रिटिश जनरल मॉंटगोमेरीच्या एट्थ आर्मीने संग्रो नदी ओलांडायचा जो घाट घातला त्यात हे सगळे. नदीला पूर, बांधलेले पूल वाहून गेले, पलीकडे उंचावर जर्मन आणि पायाखाली गुडघाभर चिखल. सावित्रीचा पूर बघत वाढलेल्या पोराला ते पाणी काही नवं नसणार. तिथल्या क्रिमेशन मेमोरियलवर पाचशेहून जास्त हिंदुस्थानी जवान आहेत ज्यांचं दहन झालं, म्हणजे कबर नाही पण नाव आहे. बाबांना याचंच बरं वाटलं, की अग्नी मिळाला. त्यांचं श्राद्ध आजवर सर्वपित्रीला व्हायचं कारण तिथी माहीत नव्हती, आता गुरुजींनी तारखेवरून काढून दिली.

ज्यांचा माणूस पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) गेला त्यांनी मात्र मन घट्ट करून बसा. बसरा मेमोरियलवर ४० हजारांहून जास्त लोकांचं स्मरण आहे, पण आपल्या साध्या शिपायांची नावं दगडावर कोरलीच नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा. गोऱ्या शिपायाचं नाव, आपल्याची संख्या. कमिशनने २०२१ च्या अहवालात हे स्वतः मान्य केलं आणि माफीही मागितली, ते ठीक, पण शंभर वर्षांनी.

अजून एक, पैसे घेऊन वंशावळ शोधून देणाऱ्या एका साइटचं (नाव घेत नाही) तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन घेतलेलं, आपल्या शिपायांबद्दल त्यात काडीचंही नव्हतं. आधी हे फुकटवालं संपवा. पुढचं काम म्हणजे पलटणीची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही, ती लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये, भाचा तिकडे शिकायला आहे त्याला कामाला लावलंय. बेळगावला मराठा सेंटरलाही पत्र टाकलंय.

रेटिंग पाचपैकी चार. एक कापला तो बसऱ्यासाठी. सर्टिफिकेट डाउनलोड होतं, प्रिंट काढून फ्रेम करता येतं, आमच्याकडे केलंय. पोलादपूरकडच्या त्या घराचा पत्ता लागलाय बहुतेक, आत्या नाही म्हणत्येय, मी जाणार आहे.