5 लिटरचा स्टीलचा कुकर: कडधान्यं रोजच्या आवाक्यात आणणारं भांडं

चार-पाच माणसांचं घर असेल आणि वेळ, पैसा दोन्ही मोजकेच असतील, तर बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा, जाड तळाचा, आत डबे मावणारा 5 लिटरचा स्टीलचा कुकर डोळे झाकून घ्यावा. गॅस वाचतो, हे तर आहेच. खरा फायदा सुक्या कडधान्यांचा. उघड्या पातेल्यात छोले मऊ व्हायला तास-दीड तास जातो, म्हणून कामाच्या दिवशी ते मागे पडतात आणि त्यांच्या जागी काहीतरी महागडं, तयार आणलं जातं. कुकरात दाब वाढला की पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं आणि भिजवलेले छोले पाव तासात होतात.

3 लिटरचा स्वस्त पडतो, पण फसवतो. कुकर गळ्यापर्यंत भरता येत नाही. एरवी दोन तृतीयांश, कडधान्याला निम्माच. 500 ग्रॅम सुके छोले 8 ते 10 तास भिजले की किलोभर होतात. त्यावर सव्वा लिटर ताजं पाणी घातलं की 5 लिटरचा कुकर जवळजवळ निम्मा भरतो. एवढ्या छोल्यांचे तीन भाग करा: एक आजचा, दुसरा फ्रिजमध्ये तीन दिवसांच्या आत संपवायचा, तिसरा थोड्या पाण्यासह फ्रीझरमध्ये. आठवड्याच्या बेताचा निम्मा भार इथेच उतरतो. राजम्यालाही हेच माप, फक्त भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि दाणा अर्धवट कच्चा ठेवू नका, पोट हमखास बिघडतं. टोमॅटो, चिंच असं आंबट काहीही दाणा शिजल्यावरच घाला. आधी घातलं तर साल आवळून बसते आणि मग कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणा कडकच राहतो.

डब्यांसाठी बाहेरचं झाकण बरं. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरचं तोंड अरुंद असतं, त्यात रुंद डबा तिरका करून घालावा लागतो. तळाशी जाळी, त्याखाली दोन वाट्या पाणी. खालच्या डब्यात एक वाटी मसूर डाळ आणि अडीच वाट्या पाणी, मधल्यात एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी, वरच्यात बटाटे. बटाटे अख्खे घातले तर आतून कच्चे राहतात, म्हणून दोन-दोन फोडी करायच्या. सारख्याच वेळात शिजणाऱ्या वस्तूच एकत्र लावायच्या, हे सूत्र. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून 8 मिनिटं, मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने शिट्टी उचलली की डाळ फसफसून झाकणाला लागते आणि भाताचं शीतही फुटतं.

शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या भराभर होतात, मंद आचेवर त्यांनाच तिप्पट वेळ लागतो. पदार्थ शिजतो तो दाबाखाली गेलेल्या वेळामुळे. दाब एकदा धरला की मोठी आच फक्त वाफ बाहेर फेकते.

आता उणिवा. जाड थर फक्त तळाला असतो, भिंती पातळच. ज्योत तळाबाहेर आली की कडेचा मसाला करपतो आणि दोष कुकरला जातो. थेट कुकरात फोडणी केली, तर पाणी घातल्यावर उलथन्याने तळ खरवडून मोकळा करा, मगच झाकण लावा; चिकटलेला थर दाबाखाली जळतोच. सोबत येणारे डबे बहुधा बिनझाकणाचे असतात. झाकणावरून ठिबकणारं पाणी वरच्या डब्यात पडतं, त्यावर एक ताटली ठेवावी.

कुकर विकत घेताना रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटे मिळतात का, हे आधी विचारा. शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ फुसफुसते, याचं कारण दहात नऊ वेळा सैल झालेली रिंग. गार पाण्याखाली धरली तर तेवढा दिवस निभावतो, पण नवी आणायला हवी. वाफ कडेनेही येत नसेल आणि शिट्टीही होत नसेल, तर गॅस लगेच बंद करा. कुकर पूर्ण गार झाल्यावर झाकण उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार दिसतं का बघा. डाळीचं साल अडकलेलं असतं. आतलं पाणी आटलं तर व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफ सुटते. तो व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बसवावा. आणि धुतल्यावर रिंग काढून वेगळी वाळवा, झाकण कुकरवर उलटं ठेवा. घट्ट लावून ठेवलेल्या कुकरला वास धरतो आणि रिंगही लवकर ताणते.