नंबर जुळला, इंजिन मात्र दुसरंच! जुनी बीटल घेणाऱ्यांनो, सावध राहा

जुनी फोक्सवॅगन बीटल घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला १९६७ची बीटल 'ओरिजिनल १५०० इंजिन, मॅचिंग नंबर' (म्हणजे इंजिन मूळ त्याच गाडीचं) असं सांगून विकण्यात आली. कागदावरचा इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर तंतोतंत जुळतो. तरीही ते इंजिन त्या गाडीचं नाही.

चढ लागला की गाडी धापा टाकायची. कार्ब्युरेटर साफ केला, टायमिंग लावलं, काही फरक नाही. मग ऑइल बदलायला गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा मिस्त्रींनी खालून टॉर्च मारला आणि मला हाक मारली. क्रँककेसच्या (इंजिनाच्या मुख्य कवचाच्या) तळाला ऑइल प्रेशरच्या व्हॉल्व्हचा एक जाड, खाचेचा स्क्रू असतो. १९६७च्या इंजिनाला तो एकच, पुलीच्या बाजूला. इथे फ्लायव्हीलच्या बाजूलाही तसाच दुसरा होता. हा दुसरा व्हॉल्व्ह १९७०च्या मॉडेलपासून आला. तो मुळात केसच्या ओतकामातच असतो, मागाहून कोणी हौसेनं बसवत नाही.

मग डायनॅमोच्या स्टँडखालची नंबरची जागा थिनरने पुसली. आजूबाजूचा धातू जुना, काळवंडलेला आणि नंबरची पट्टी तेवढी उजळ, तिच्यावर एकाच दिशेने गेलेले घासल्याचे बारीक ओरखडे. आकडे कमी-जास्त खोल, एक जरा तिरका. नंबरच्या सुरुवातीचं अक्षर इंजिनाचा प्रकार सांगतं, १५००ला ते 'एच' असतं. भिंग लावल्यावर या 'एच'च्या डोक्यावर एक पुसट आडवी रेघ दिसली. 'एच'ला वर रेघ नसते, 'एफ'ला असते. 'एफ' म्हणजे १३००. खात्री करायला हेड उतरवलं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजला तर ७७ मिलिमीटर! १५००चा बोअर ८३ असतो. म्हणजे १४९३ सीसीच्या नावाखाली १२८५ सीसीचं इंजिन गळ्यात मारलं होतं.

या गाडीत हे करणं सोपं आहे. बीटलचं इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टवर असतं आणि १२०० काय, १६०० काय, बहुतेक सगळी त्या जागी बसतात. इतक्या वर्षांत इंजिन बदललेलं असणं यात काहीच गैर नाही. कितीतरी जुन्या बीटलमध्ये नंतरचं १६०० इंजिन आहे, मालक तसं सांगून विकतात आणि घेणारा आनंदाने घेतो. मला चीड आहे ती नंबर घासण्याची. मूळ नंबरच गेला की ते इंजिन कुठून आलं, चोरीच्या गाडीतलं तर नाही, हे कळायचा मार्गच बंद होतो. नोंदणीच्या तपासणीत उत्तरं द्यावी लागतात ती नव्या मालकाला.

म्हणून नुसता नंबर जुळवून थांबू नका. नंबरची जागा स्वतः पुसून उजेडात बघा. विकणारा 'ग्रीस आहे, हात खराब होतील' म्हणाला तर आवर्जून पुसा. नंबरच्या सुरुवातीचं अक्षर ओळखा: 'डी' १२००, 'एफ' १३००, 'एच' १५००, नंतरच्या काळात 'एबी' १३०० आणि 'एडी' १६००. चेसिस नंबर मागच्या सीटखाली, गाडीच्या तळाच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर (टनेलवर) असतो. १९६५ ते १९६९च्या मॉडेलांत त्याचा तिसरा आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो, १९६७ला ७. इंजिन त्याच काळातलं वाटतं का, हे गाडी उचलून खालूनच पाहावं लागतं. त्यासाठी बीटलवर काम केलेला मिस्त्री सोबत न्या. साध्या गॅरेजवाल्याला दुसरा व्हॉल्व्ह दिसला तरी त्यात काही वावगं वाटणार नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर, 'गाडी आहे त्या स्थितीत विकली, पावतीवर लिहिलंय.' पावतीवर तेवढंच आहे, हे खरं. पण 'ओरिजिनल १५००' हे शब्द त्याच्या जाहिरातीत होते आणि ती जाहिरात मी जपून ठेवली आहे. वकिलामार्फत नोटीस गेली आहे. तुम्ही गाडी घेताना इंजिनाचा प्रकार, पूर्ण नंबर आणि 'नंबर मूळ आहे, पुन्हा पंच केलेला नाही' हे वाक्य पावतीवरच लिहून त्याखाली सही घ्या. सही द्यायला खळखळ केली तर तो व्यवहार तिथेच सोडा.