लँड मॅट्रिक्स : जमिनीचा सौदा कुणाशी, किती आणि गावाला विचारून का?

मी नेरुळला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. माहेर उरण तालुक्यातलं, जासईच्या पंचक्रोशीतलं, त्यामुळे भूसंपादन हा शब्द कळायच्या वयाआधीच कानावर पडलेला. बारावीच्या मुलांना विकसनशील देशांतली जमीन आणि परदेशी गुंतवणूक समजावताना हाताशी काही ठोस हवं म्हणून लँड मॅट्रिक्सचं संकेतस्थळ वापरायला लागले. आता ते वर्गापेक्षा घरीच जास्त उघडलं जातं. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

आधी ते आहे काय, ते सांगते. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सन २००० पासून झालेले, ठरत असलेले किंवा फिसकटलेले जमिनीचे मोठे व्यवहार इथे नोंदवलेले आहेत. मोठे म्हणजे किमान २०० हेक्टर, आपल्या भाषेत पाचशे एकरांच्या आसपास. शेती, जंगल, खाण, पर्यटन, सौरऊर्जा, उद्योग, सगळं येतं. २०१२ साली हे सर्वांसाठी खुलं झालं. पैसे लागत नाहीत, आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. शिक्षकांसाठी ही केवढी सोय आहे!

एखादा व्यवहार उघडला की क्षेत्रफळ तीन वेगवेगळ्या रकान्यांत दिसतं : गुंतवणूकदाराला हवी असलेली जमीन, करारात मिळालेली जमीन आणि प्रत्यक्ष वापरात आलेली जमीन. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. वर्गात मी इथिओपियाच्या गाम्बेला भागाचं उदाहरण घेते. बंगळूरुची करुतुरी ही गुलाबाची शेती करणारी कंपनी तिथे गेली. २०१० च्या करारात तिला १ लाख हेक्टर जमीन मिळाली, पुढे आणखी २ लाख मिळण्याची तरतूद होती. नांगराखाली आला त्यातला लहानसा तुकडा, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने करार रद्द केला. नुसतं ‘१ लाख हेक्टर’ वाचून मुलं थक्क होतात. मग मी विचारते, पिकली किती? आणि ती पडीक होती असं सरकार म्हणत होतं, तर तिथे गुरं चारणारे, फिरती शेती करणारे लोक कोण होते?

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे फिसकटलेले सौदे इथे पुसले जात नाहीत. बोलणी सुरू, करार झाला, करार रद्द, बोलणी मोडली, अशी प्रत्येकाची अवस्था लिहिलेली असते. मादागास्करमध्ये दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीला २००८ मध्ये सुमारे १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांसाठी द्यायचं घाटत होतं. लोक खवळले, २००९ च्या मार्चमध्ये तिथलं सरकार गेलं आणि नव्या सत्तेने तो व्यवहार गुंडाळला. विरोध करून काय होतं असं विचारणाऱ्यांना दाखवायला अशा नोंदी लागतात. आपल्याकडेही महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ ला मतपत्रिकेवर आपलं म्हणणं नोंदवलं होतं, आणि तो सेझ उभा राहिला नाही. आज नवी मुंबईतल्या कॉलेजातल्या मुलांना हे माहीतसुद्धा नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

मी माहेरी लॅपटॉपवर हे दाखवत होते तेव्हा वडिलांनी एकच विचारलं, “गावाला इचारलं का, ता लिवलंय का त्यात?” लिहिलंय. ‘स्थानिक समाज’ असा एक स्वतंत्र भागच आहे. सल्लामसलत झाली का, लोकांनी काय भूमिका घेतली, तंटा आहे का, विस्थापित किती, भरपाई काय ठरली, हे सगळं तिथे विचारलेलं आहे. कबूल केलेल्या सोयी आणि प्रत्यक्षात मिळालेल्या सोयी वेगवेगळ्या मांडायची जागा आहे. शाळा, दवाखाना, नोकऱ्या, रस्ता. आमच्या भागातल्या कुणालाही हे दोन रकाने समोरासमोर पाहिले की काय वाटेल, ते मी सांगायला नको.

अडचण अशी की नेमका हाच भाग बऱ्याच नोंदींत कोरा असतो. कंपनीचं नाव, पीक, हेक्टर, हे बातम्यांतून आणि करारांतून मिळतं. गावाचं म्हणणं कागदावर आलेलंच नसतं, तर ते भरणार कुठून? आमच्या खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, बांधाची डागडुजी गाव मिळून करायचं. बायका ओहोटीला खुबे, निवट्या वेचायला जायच्या, त्यावर घरचं कालवण व्हायचं आणि बाजारहाटही निघायचा. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधीच नव्हतं, म्हणून मोबदल्याच्या यादीतही ते काम दिसलं नाही. आफ्रिकेतल्या कुरणांचं, नदीकाठांचं हेच झालेलं आहे. पूर्वी जमीन कुणाची होती आणि तिचा वापर काय होता, हे लँड मॅट्रिक्स विचारतं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण हे रकाने भरायला गावातलीच माणसं लागतील.

आणखी एक मर्यादा नवी मुंबईकरांनी ध्यानात ठेवावी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची. ९५ गावांचं संपादन, १९८४ च्या जानेवारीतलं जासईचं आंदोलन, गोळीबारात गेलेले पाच हुतात्मे, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचा लढा आणि त्यातून आलेली, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना हे सगळं २००० च्या अलीकडे येत नाही, त्यामुळे तो इतिहास इथे शोधू नका. तसंच वेगवेगळ्या नावांवर पन्नास-पन्नास एकर करत घेतलेली जमीन २०० हेक्टरांच्या चाळणीतून सहज निसटते. आपल्याकडे दलालांमार्फत जमीन अशीच जाते, त्यामुळे ही चाळणी मला जाड वाटते. एक तारा इथेच कापला.

मराठी किंवा हिंदी नाही. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन आहे. मी मुलांकडून एकेका व्यवहाराचा मराठी तक्ता करून घेते, दोन तासांत छान होतो.

वापरायचं असेल तर मोबाइलऐवजी संगणकावर उघडा, देश निवडा, एकच व्यवहार घ्या आणि पैशाच्या आकड्यांकडे जाण्याआधी ‘स्थानिक समाज’ आणि ‘माहितीचा स्रोत’ हे दोन भाग वाचा. स्रोत फक्त कंपनीचं प्रसिद्धिपत्रक असेल तर तसं वहीत टिपून ठेवा. ग्रामसभेत, प्रकल्पग्रस्तांच्या बैठकीत बोलणाऱ्यांनी तर या रकान्यांची यादीच छापून न्यावी. नव्या प्रकल्पाचा अधिकारी समोर बसला की काय काय विचारायचं, ते त्यात तयार आहे.