क्योरित्सु ४१०५ए: टीसीच्या अर्थिंगला पुरतो, सबस्टेशनला नाही

हेस्कॉमच्या (उत्तर कर्नाटकातल्या वीजवितरण कंपनीच्या) सेक्शनमध्ये अर्थिंग मोजायची म्हणजे बहुतेक वेळा डबल पोलवरची २५, ६३ किंवा १०० केव्हीएची टीसी, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर. त्या कामाला क्योरित्सुचा हा डिजिटल अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रोध मोजणारा मीटर) चोख आहे. वजन जेमतेम अर्धा किलो, सहा पेन्सिल सेल, आणि २०, २०० व २००० ओहमच्या रेंज. जुन्या मीटरसारखं हँडल फिरवत बसायला नको.

सोबत दोन स्पाइक आणि तीन वायरी येतात: हिरवी ५ मीटर, पिवळी १०, लाल २०. हिरवी इलेक्ट्रोडला, बाकी दोन्ही एका सरळ रेषेत. खोच आहे ती पिवळीत. लाल स्पाइक २० मीटरवर ठोकला तर पिवळ्याची जागा ६२ टक्क्यांवर, म्हणजे साधारण १२.४ मीटरवर येते. वायर मात्र १० मीटरचीच! चार मीटरचा तुकडा जोडून घ्यावा, मग पिवळा स्पाइक मीटरभर पुढे-मागे सरकवून वाचन घ्यावं. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच ते धरायचे.

त्याआधी एलसी (लाइन बंद करून कामाची परवानगी) घेऊन जीओएस (टीसीचा पोलवरचा स्विच) उघडा, डिस्चार्ज रॉड लावा आणि मगच अर्थिंगची पट्टी सोडा. चालू टीसीच्या न्यूट्रलच्या अर्थिंगला हात लावायचा नाही. पट्टी न सोडता मोजलं तर बाकीचे अर्थिंगचे खड्डे समांतर जोडलेले राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. रजिस्टर तेवढं छान दिसतं. अर्थ व्होल्टेजही आधी बघून घ्या. १० व्होल्टच्या वर असेल तर वाचनावर भरवसा नको.

अथणीकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. स्पाइक भेगेत गेला तर मातीला टेकतच नाही. जागा बदला, तांब्याभर पाणी ओता. खानापूरच्या जांभ्यात तो शिरतच नाही. तिथे ओलं पोतं अंथरून स्पाइक त्यावर आडवा ठेवला आणि वर पाणी मारलं की काम होतं. मोजणी एप्रिल-मेमध्येच करावी. जुलैत खानापुरात वाईट खड्डासुद्धा पास होतो.

११० केव्हीच्या सबस्टेशनला मात्र हा नेऊ नका. तिथे लाल स्पाइक ग्रिडच्या (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या जाळीच्या) कर्णाच्या कितीतरी पट लांब न्यावा लागतो, आणि २० मीटरची वायर यार्डाच्या कुंपणाबाहेरसुद्धा पडत नाही.