सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूसाठी विकतचं अ‍ॅप, फुकटची कार्डं आणि माझी धडधड: सहा महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, पास झालेय. २०२६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या नागरिकत्वासाठीचा इंटरव्ह्यू झाला, मार्चमध्ये शपथ झाली, म्हणजे हे नापास झालेल्या बाईचं रडगाणं नाही. अ‍ॅपचं नाव देत नाहीये, सुनेच्या फोनवर तसली तीन बघितली आणि तिन्ही एका साच्यातली निघाली, रंग तेवढे वेगळे. त्यातलं एक पैसे भरून सहा महिने वापरलं, सोबत सरकारी साइटवरची फुकटची कार्डं आणि ऑडिओ, आणि शेवटी घरचा नातू. काय उपयोगी पडलं काय नाही ते लिहिते, माझ्या वयाच्या कुणाच्या कामी आलं तर बरंच.

मी ६१ वर्षांची. सातारा जिल्ह्यात शाळेत तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणजे बघा, राज्यघटना, संसद, मूलभूत कर्तव्यं हे सगळं फळ्यावर लिहून लिहून हात दुखलेली बाई मी, आणि त्या इंटरव्ह्यूसाठीच्या नागरिकशास्त्राच्या शंभर प्रश्नांना घाबरून रात्री दोनला उठून बसायची. हे म्हणायचे, तू आयुष्यभर पोरांना तोंडी परीक्षेत घाम फोडलास, आता भोग! २०१९ च्या सप्टेंबरात ग्रीन कार्डवर इकडे न्यू जर्सीला लेकाकडे आलो. वयाची सवलत आहे म्हणतात ती आहेच, पण ५० च्या वर वय आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, नाहीतर ५५ च्या वर आणि १५ वर्षं, अशी असेल तरच प्रश्न आपल्या भाषेत दुभाष्यामार्फत. माझी सहाच वर्षं. म्हणजे सगळं इंग्रजीत.

आणि सिटिझनशिप कशाला हवी होती ते ऐकून हसाल. साताऱ्याला जास्त राहता यावं म्हणून! ग्रीन कार्डवर सहा महिन्यांच्या पुढे तिकडे राहिलं की इकडे सलग राहिल्याचा हिशोब मोडायची भीती, दर वेळी लेक कॅलेंडर घेऊन दिवस मोजायचा. त्यापेक्षा इकडचा पासपोर्ट आणि तिकडचं ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं, आजीवन व्हिसासारखं कार्ड), मग खुशाल रहा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आपला पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, तेवढ्यासाठी ह्यांनी अर्जच केला नाही. हे ग्रीन कार्डवरच राहणार. त्यावर आमच्यात काय काय झालं ते इथे नको.

तर ऑगस्ट २०२५ मध्ये एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, ऑनलाइन भरला, फी ७१० डॉलर, आणि त्याच आठवड्यात अ‍ॅप घेतलं. महिन्याला जेवणाच्या दोन डब्यांचे पैसे समजा. सुरुवातीला मी जाम खूश होते. प्रश्न यायचा, खाली चार उत्तरं, बरोबर दाबलं की हिरवं आणि टिंग वाजायचं. दोन आठवड्यांत माझे शंभरपैकी ९६-९७ यायला लागले, सुनेला स्क्रीन दाखवत फिरत होते. सिनेटर किती, शंभर. प्रतिनिधीगृहात मतं देणारे सदस्य किती, ४३५. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश नऊ. घटनादुरुस्त्या २७. ह्यात मला मजाही यायची, कारण मी मनात आपल्याशी जोडत जायचे, आपल्या दुरुस्त्या १०६ झाल्या आणि ह्यांच्या सव्वादोनशेहून जास्त वर्षांत २७, आपली राज्यसभा सहा वर्षं तशीच ह्यांची सिनेट सहा वर्षं आणि दोन्हीकडे दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा बदलतात, ह्यांच्या घटनेचे पहिले तीन शब्द "वी द पीपल" आणि आपली उद्देशिका "आम्ही, भारताचे लोक". असं जोडलं की पाठ करावं लागत नाही, आपोआप बसतं. हे अ‍ॅपमध्ये कुठे नव्हतं, माझ्या नोकरीतून आलं.

मग एका रविवारी नातवाने (वय ११) जेवता जेवता विचारलं, आजी, व्हॉट इज द सुप्रीम लॉ ऑफ द लँड? आणि मी गप्प. घास हातात. उत्तर माहीत होतं, रोज दाबत होते, पण समोर चार पर्याय नव्हते ना! तेव्हा लक्षात आलं की अ‍ॅपने मला ओळखायला शिकवलं, सांगायला नाही. खऱ्या इंटरव्ह्यूत पर्याय नसतात, ऑफिसर तोंडी विचारतो आणि तुम्ही तोंडी सांगायचं, एवढी साधी गोष्ट, आणि पैसे घेणाऱ्या अ‍ॅपने मुख्य पानावर चार पर्यायच ठेवलेत. बोलून उत्तर द्यायची सोय आत कुठेतरी आहे पण तिला माझं इंग्रजी कळेना. मी "व्हीटो" म्हटलं की ते "व्होट" लिहायचं. आठ वेळा म्हटलं. नवव्यांदा फोन सोफ्यावर आपटला.

आणि दुसरी तक्रार, ही जास्त गंभीर. न्यू जर्सीच्या गव्हर्नरचं नाव. नोव्हेंबर २०२५ ला निवडणूक झाली, मिकी शेरिल जिंकल्या, २० जानेवारी २०२६ ला त्यांनी शपथ घेतली. माझा इंटरव्ह्यू फेब्रुवारीत. आणि अ‍ॅप फेब्रुवारी लागला तरी आधीचे फिल मर्फीच दाखवत होतं, मी शेरिल म्हटलं तर लाल! गव्हर्नर, सिनेटर, प्रेसिडेंट, स्पीकर, ही उत्तरं इंटरव्ह्यूच्या दिवशी जो पदावर असेल त्याची लागतात, बाकी शंभरातले बहुतेक बदलत नाहीत. मेल पाठवला, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय मोलाचा आहे. असो.

मध्येच ऑक्टोबरात भजनाच्या ग्रुपवर मेसेज, परीक्षा बदलली, आता १२८ प्रश्न! त्या रात्री माझं बीपी किती होतं विचारू नका. खरी गोष्ट अशी की २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर ज्यांनी अर्ज भरला त्यांना नवीन परीक्षा, १२८ च्या यादीतले वीसपर्यंत विचारणार, बारा बरोबर यायला हवेत. त्याआधी भरलेल्यांना जुनीच, शंभरातले दहापर्यंत, सहा बरोबर. इंटरव्ह्यू कधी आहे ह्याला महत्त्व नाही, अर्ज कधी पोचला ते बघायचं. अ‍ॅपने मात्र एका अपडेटमध्ये दोन्ही याद्या एकत्र कालवल्या आणि कुठली कुणाची ते एका बारीक बटणात लपवलं. मी आठवडाभर नको ते प्रश्न घोकत होते.

तिथून मी फुकटच्या मालाकडे वळले. यूएससीआयएसच्या, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर शंभर प्रश्नांची कार्डं आहेत, लायब्ररीत छापून घेतली, कापली, रबरबँड लावला. ऑडिओपण तिथेच आहे, तो कानात घालून रोज सकाळी तळ्याभोवती चालायचे. कार्डांचा फायदा हाच की मागे उत्तर लपलेलं असतं, आधी बोलावं लागतं. भाजी चिरताना ओट्यावर दहा कार्डं, मोठ्याने. उत्तर लांब नको हेही कार्डांनी शिकवलं. एकाला पाच उत्तरं चालत असतील तर जिभेला सोपं ते एकच धरायचं. फेडरलिस्ट पेपर्स (ह्यांच्या घटनेच्या बाजूने लिहिलेले लेख) कुणी लिहिले, मॅडिसन, हॅमिल्टन, जे. मी "जे" धरला. एक अक्षर!

पण ऑडिओतला माणूस शाळेत शुद्धलेखन घालतात तसा सावकाश बोलतो. इथली माणसं "ट्वेंटी"ला "ट्वेनी" म्हणतात आणि "इंटरव्ह्यू"चा "इनरव्ह्यू" करतात. त्यावर इलाज नातू. त्याला बापाचा ब्लेझर घालून डायनिंग टेबलाच्या पलीकडे बसवला, हसायचं नाही अशी अट, जोरात आणि भरभर बोलायचं. पहिल्या दिवशी मीच फिसकन हसले तर म्हणतो, "आजी, यू कांट लाफ, धिस इज फेडरल."

आता ज्या गोष्टीबद्दल कुणीच मला आधी सांगितलं नाही ती. शंभर प्रश्न हा इंटरव्ह्यूतला सोपा भाग आहे. अवघड आहे तुमचा स्वतःचाच फॉर्म. ऑफिसर एन-४०० समोर ठेवून त्यातलं विचारत जातो, पाच वर्षांत कधी कुठे गेलात, आणि मग ते "हॅव यू एव्हर" वाले प्रश्न, कधी बेकायदा जुगार खेळलात का, कम्युनिस्ट किंवा टोटॅलिटेरियन पक्षात होतात का, स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवून घेतलंत का. तुम्ही नुसतं नो, नो, नो म्हणत राहिलात तर मध्येच विचारतात, टोटॅलिटेरियन म्हणजे काय? तुमचं इंग्रजी त्यातच तपासलं जातं. फॉर्म लेकाने भरला होता, मी खाली सही केली होती, बस. "बेअर आर्म्स"ला तर मी कितीतरी दिवस अस्वलाचे हात समजत होते. कायद्याने वेळ आली तर शस्त्र उचलाल का, असा प्रश्न आहे तो. ह्या गुडघ्यांनी उचलेन म्हटलंय. मग मी फॉर्मच छापून घेतला, प्रत्येक अवघड शब्दाच्या वर पेन्सिलीने मराठी अर्थ, आणि खाली इंग्रजीतच सोपं वाक्य. टोटॅलिटेरियन, "वन मॅन कंट्रोल्स एव्हरीथिंग". अ‍ॅपमध्ये ह्या भागाला मोजून एक पान होतं.

धडधडीचं काय केलं ते सांगते. शवासन, मेडिटेशनचं दुसरं अ‍ॅप, सगळं झालं. डोळे मिटले की प्रश्न दिसायचे. उपयोग दोन गोष्टींचा झाला. एक, अनुलोम-विलोम, पण रोज ठरल्या वेळी, भीती वाटली की मग नाही. आणि दुसरी म्हणजे एक वाक्य, "कुड यू प्लीज रिपीट दॅट?" हे विचारायला परवानगी आहे, मार्क जात नाहीत, हे कळलं तेव्हा अर्धी भीती तिथेच गेली. शिवाय इंग्रजी किंवा प्रश्नांत नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत, जेवढ्यात नापास झालात तेवढ्याचीच परत संधी देतात. हे मला लेकाने मुद्दाम उशिरा सांगितलं, म्हणे आधी सांगितलं असतं तर अभ्यास केला नसतास. शिक्षिकेच्या पोटी हे असलं निपजतं.

प्रत्यक्ष दिवशी. नऊची वेळ, आठला गाडीत बसून बीपीची गोळी, गोळीनंतर एक केळं. आत नाव पुकारलं, ऑफिसर बाई होत्या, साधारण माझ्या सुनेच्या वयाच्या, आणि कॉरिडॉरमधून चालता चालता त्यांनी काहीतरी विचारलं आणि मला एक अक्षर कळलं नाही. शंभरातलं नव्हतं! माझे हात गार. ते वाक्य बाहेर पडलं, कुड यू प्लीज. त्या थांबल्या, म्हणाल्या, स्नो, रस्त्यावर बर्फ होता का? मी म्हटलं, येस, मच स्नो. एवढंच. पण ते एकदा तोंड उघडलं ना, तिथून जीभ सुटली.

उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ, मग फॉर्म. २०२३ ची भारताची एक वारी सहा महिन्यांना दहाच दिवस कमी होती, भावाचं आजारपण, त्यावर त्या थांबल्या. का एवढे दिवस? मी सांगितलं. तारखा मला पाठ होत्या, तिथे फॉर्म घोकल्याचं सार्थक झालं. टोटॅलिटेरियन विचारलं नाही, मी इतकी तयार असूनही. प्रश्नांमध्ये एक चुकले, फक्त नागरिकांचीच असलेली एक जबाबदारी सांगा. मी म्हटलं पे टॅक्सेस. टॅक्स तर सगळेच भरतात, ज्युरीत बसणं नाहीतर फेडरल निवडणुकीत मत देणं हवं होतं, आणि हे मला येत होतं! पण पुढचे बरोबर येत गेले, गव्हर्नरही आला, मिकी शेरिल, आणि सहा झाल्यावर त्या थांबल्या. वाचायला एक वाक्य, लिहायला एक, टॅबलेटवर, प्लास्टिकच्या पेनाने. ते पेन काचेवर घसरतं, नातवाच्या आयपॅडवर सराव केला नसता तर माझं अक्षर बघून त्यांना वाटलं असतं ही बाई शिकलेलीच नाही. "द प्रेसिडेंट लिव्ह्ज इन द व्हाइट हाउस" असं फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं. वीस-बावीस मिनिटं झाली असतील सगळी मिळून.

तर अ‍ॅपला पाचपैकी दोन. एक शब्दांची ओळख झाली म्हणून आणि एक बसमध्ये वेळ जातो म्हणून. कार्डांना साडेचार, अर्धा कापला कारण कार्डं स्वतःची स्वतःच कापावी लागतात आणि माझी कात्री बोथट आहे. फॉर्म छापून वाचणं ह्याला पाच. नातवाला मोजायचं नाही, त्याने दर मॉक इंटरव्ह्यूचा एक डॉलर घेतलाय.

अ‍ॅप बंद करायला गेले तर म्हणे अजून एका महिन्याचे पैसे कापले गेलेत. कार्डांचा गठ्ठा आमच्याच बिल्डिंगमधल्या एका गुजराती बेननी नेला. त्यांचा अर्ज डिसेंबरातला, म्हणजे त्यांना १२८ वाली परीक्षा, पण बरेचसे प्रश्न तेच आहेत. नवीन जे आहेत त्यांची कार्डं आम्ही दोघी मिळून कापतोय सध्या, संध्याकाळी, चहानंतर. गव्हर्नरचं कार्ड मी पेन्सिलीने लिहून दिलंय.